सुंठीवाचून खोकला

नको असलेला पाहुणा परस्पर निघून गेला, किंवा समोरच्याने कोर्टातला दावा आपणहून मागे घेतला, की आपण म्हणतो, ‘सुंठीवाचून खोकला गेला.’ काही न करता काम झाले, एवढाच अर्थ आपण घेतो. पण म्हण तिच्या शब्दांसह नीट वाचली तर तिच्यात तीन गोष्टी आहेत. खोकल्यावर सुंठ हा ठरलेला उपाय होता, ही पहिली. सुंठ फुकट नव्हती, ती विकत आणायची, उगाळायची, मधात किंवा गुळात कालवायची, आणि तो खर्च व खटाटोप वाचला याचा बोलणाऱ्याला आनंद आहे, ही दुसरी. तिसरी सर्वांत महत्त्वाची : खोकला सुंठीवाचूनही जातो. औषध न घेतलेल्या माणसाचे काय झाले हे पाहिल्याखेरीज घेतलेल्याला त्याचा गुण आला की नाही हे सांगता येत नाही, ही आधुनिक औषधपरीक्षेची पहिली अट. ज्या कोणी ही म्हण प्रथम वापरली त्याने किंवा तिने (मला ‘तिने’ अधिक संभवनीय वाटते) ती अट घरातल्या घरात पाहून ठेवली होती.

ज्या पदार्थाला संस्कृत वैद्यकाने ‘विश्वभेषज’ आणि ‘महौषध’ अशी नावे दिली, त्याच्याविषयी घरातली भाषा इतकी सावध का? या प्रश्नामागे मी काही वर्षे आहे. माझ्याजवळ वैद्यकाची पदवी नाही आणि इतिहासाचीही नाही. नोकरी हिशेबतपासणीची केली. त्यामुळे एकाच मालाची दोन नावे खातेवहीत दिसली की थांबायचे, ही एक सवय मात्र आहे. आल्याच्या बाबतीत मी तिथेच थांबलो.

आले आणि सुंठ. एकच कंद, एक ओला आणि एक वाळवलेला. ओली हळद आणि हळद, ओले खोबरे आणि सुके खोबरे असे आपण म्हणतो, पण ‘सुके आले’ असे कोणी म्हणत नाही. दोन्ही नावांच्या मुळाशी गेले तर कारण उमगते. ‘आर्द्रक’ म्हणजे ओला असलेला. त्याचे प्राकृतात ‘अल्लय’ झाले आणि मराठीत ‘आले’. गुजरातीतले ‘आदु’ आणि हिंदीतले ‘अदरक’ त्याच घरचे. ‘शुण्ठी’चा संबंध आपले व्याकरणकार वाळण्याचा अर्थ असलेल्या धातूशी लावतात. म्हणजे एका नावात ओलावा आहे आणि दुसऱ्यात कोरडेपणा, आणि ज्या कंदाची ही दोन्ही रूपे, त्या कंदाचे स्वतःचे असे नाव मराठीत उरलेलेच नाही.

हे सगळीकडे असेच आहे असे मात्र नाही. १५६३ साली गोव्यात गार्सिया दा ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा हिंदुस्थानातील औषधींवरचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. हा माणूस अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून जात-येत असे, आणि मुंबईचे बेटही त्याच्याकडे खंडाने होते. त्याच्या ग्रंथात आल्यावर स्वतंत्र संवाद आहे. त्यात तो नोंदवतो की गुजरात, दख्खन आणि बंगाल इथे हा कंद हिरवा असताना त्याला ‘अद्रक’ म्हणतात आणि वाळला की दुसऱ्या नावाने ओळखतात. मलबारात मात्र ओला असो की सुका, ‘इंजी’ हे एकच नाव. दख्खनचे ‘अद्रक’ त्याने कुठे ऐकले असेल याचा तर्क करायला हरकत नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात आजही बाजारात अद्रकच विकले जाते, आले म्हटले की पुण्याकडचा माणूस ओळखू येतो. ओर्ता १५६८ मध्ये गोव्यातच वारला. तो मूळचा ज्यू कुळातला. मृत्यूनंतर बारा वर्षांनी इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. त्याचा ग्रंथ तोवर लॅटिनमधून युरोपभर गेला होता.

नावे दोन असली म्हणून वस्तू दोन होत नाहीत, असे कोणी म्हणेल. त्याच सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त पाहावे. तिथे हरीतक्यादि वर्गात शुण्ठीची नोंद वेगळी आणि आर्द्रकाची वेगळी आहे. सुंठ हलकी आणि स्निग्ध, आले जड आणि रूक्ष. आले मळ मोकळा करणारे, सुंठ ग्राही, म्हणजे पातळ झालेले आवरणारी. सुंठीचे सगळे गुण आल्यातही आहेत असे तो पुढे म्हणतो, पण म्हणून एका नोंदीत दोन्ही उरकत नाही. मग तो स्वतःच एक शंका काढतो : सुंठ मलावरोध मोडते असेही म्हणता आणि ती ग्राही आहे असेही म्हणता, हे कसे? आणि उत्तर देतो की अडलेले फोडण्याची शक्ती तिच्यात आहे, मळ खाली पाडण्याची नाही. हे उत्तर आजच्या शरीरशास्त्राला पटेल की नाही हा भाग सोडा. स्वतःच्या यादीतली विसंगती स्वतःच दाखवणारा लेखक मला विश्वासाचा वाटतो. हिशेबातली चूक लपवणारा आणि तिच्यावर स्वतःहून तांबडी खूण करणारा, यांतला फरक मी आयुष्यभर पाहत आलो आहे.

याच ठिकाणी आल्याच्या निषेधांची यादीही आहे, आणि ती फार कमी वेळा वाचली जाते. जेवणाआधी मीठ लावून आल्याचा तुकडा खावा, हे भावप्रकाशातले वचन पाककृतींच्या पुस्तकांपासून दिनदर्शिकांच्या मागच्या पानांपर्यंत सगळीकडे गेले. ते सांगून झाल्यावर थोड्याच अंतरावर ग्रंथकार आले कोणाला वर्ज्य ते सांगतो : कुष्ठ, पांडुरोग, लघवीची अडचण, रक्तपित्त, व्रण, ज्वर, अंगाची आग. आणि दोन ऋतू : ग्रीष्म आणि शरद. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद, म्हणजे हा अंक वाचकाच्या हाती असतानाचेच दिवस. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात सर्दी झाली की पहिल्यांदा चहात आले किसले जाते. ज्वरात आले नको, हे वाचून तर अनेकांचा विश्वास बसणार नाही. मी काही वैद्यांना विचारले. त्यांनी सांगितले की तापाच्या काढ्यात पडते ती सुंठ, आले नव्हे. पुन्हा तेच, वस्तू दोन.

वैद्यकाबाहेर या भेदाचा सर्वांत काटेकोर सांभाळ जैन स्वयंपाकघराने केला आहे. कंदमूळ वर्ज्य, म्हणून बटाटा नाही, कांदा-लसूण नाही आणि आलेही नाही. पण सुंठ चालते. माझ्या शेजारच्या जैन कुटुंबात चहाच्या मसाल्याला सुंठच असते आणि बाळंतिणीच्या लाडवातही. कारण विचारले तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी एका वाक्यात सांगितले, “आले मातीत ठेवा, कोंब फुटेल; सुंठ ठेवून बघा.” ओल्या कंदाच्या प्रत्येक तुकड्यात नवे रोप होण्याची शक्ती आहे, तो अनंतकाय आहे. वाळल्यावर ती शक्ती गेली. शिवाय सुंठ कोणी भाजीसारखी मूठभर खात नाही, चिमूटभरच घेतो. धर्माचा नियम म्हणून वाचा किंवा वनस्पतीचे निरीक्षण म्हणून, बाईंचे म्हणणे खरे आहे.

आले आणि सुंठ वेगळी का लागतात याचे रसायन कळायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. १८७९ मध्ये थ्रेश या इंग्रज औषधशास्त्रज्ञाने आल्यातला तिखट अंश वेगळा केला, त्याला ‘जिंजरॉल’ नाव मिळाले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात जपानात नोमुरा आणि इतरांनी हे काम पुढे नेले. कंद वाळताना जिंजरॉलमधला पाण्याचा अंश निघून जातो आणि त्यातून दुसराच पदार्थ बनतो, तो आधीच्यापेक्षा अधिक तिखट. जपानी भाषेत आल्याला ‘शोगा’ म्हणतात, म्हणून तो ‘शोगॉल’. ताज्या आल्यात शोगॉल नाममात्र असते, सुंठीत भरपूर. आले शिजवले की तिसराच पदार्थ, ‘झिंजरोन’, तयार होतो. तो मवाळ, किंचित गोडसर वासाचा. म्हणून किसून वरून घातलेले आले जिभेला झोंबते आणि आमटीत उकळलेले नुसते दरवळते. आपल्या दोन नोंदी रसायनाने अशा कायम केल्या, वर तिसऱ्या नोंदीची सोयही करून दिली.

सुंठ करणे हे कामही वाटते तितके सोपे नाही. केरळात आल्याची साल लोखंडी सुरीने नव्हे, बांबूच्या धारदार कामटीने खरवडतात, कारण लोखंडाने कंदाचा रंग बिघडतो. साल खरवडायची तीही अगदी वरवर. सुवासिक तेलाच्या पेशी सालीच्या लगेच खाली असतात, हात जरा खोल गेला की वास कचऱ्यात गेला. मग आठ-दहा दिवस कडक ऊन. शंभर किलो आल्याची वीस-बावीस किलो सुंठ झाली तर बरी झाली म्हणायची. कीड लागू नये आणि पांढरी दिसावी म्हणून काही मालाला चुन्याची निवळी देतात. बाजारात जी फार पांढरीशुभ्र सुंठ दिसते तिचे रहस्य हेच आहे. महाराष्ट्रात सातारा आणि औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, या जिल्ह्यांत आल्याचे पीक मोठे आहे, पण ते बहुतेक ओलेच विकले जाते. आपल्याकडची जुनी जात ‘माहीम’. (कोळिकोडच्या मसाला पीक संशोधन संस्थेने काढलेली ‘महिमा’ ही जात वेगळी. लिहिताना या दोन नावांचा घोटाळा सर्रास होतो.) लागवड अक्षय तृतीयेच्या सुमारास होते. जमिनीत जाते ते बी नसते. ते बेणे असते, म्हणजे मागच्या वर्षीच्याच कंदाचा डोळे असलेला तुकडा.

या बेण्यात आल्याचा सगळा इतिहास आहे. आले फुलते क्वचित आणि बी जवळजवळ धरतच नाही. रानात आपोआप वाढलेले आले वनस्पतिशास्त्रज्ञांना आजवर कुठे मिळालेले नाही. आपण आज किसतो तो कंद कालच्या कंदाचा तुकडा, तो परवाच्या कंदाचा, असे हजारो वर्षे मागे जाता येते आणि प्रत्येक दुव्यावर एक माणूस उभा असतो, ज्याने पुढच्या वर्षासाठी तुकडा राखून ठेवला. नाव ‘आले’ असले तरी ते स्वतःहून कुठेही आलेले नाही. त्याला ‘झिंजिबर ऑफिसिनाले’ हे आजचे शास्त्रीय नाव १८०७ मध्ये विल्यम रॉस्को यांनी दिले. हे लिव्हरपूलचे वकील, पुढे पेढीवाले, गुलामांच्या व्यापाराचे विरोधक, आणि वनस्पतिशास्त्र स्वतःच्या हौसेने शिकलेले. पेढीची खाती सांभाळून आल्या-हळदीच्या कुळाची फेरमांडणी करणाऱ्या या गृहस्थांविषयी मला साहजिकच आपलेपणा वाटतो.

‘झिंजिबर’ हा शब्द आपलाच आहे, फार लांबून फिरून आलेला. संस्कृतात ‘शृङ्गवेर’. त्याची फोड ‘शिंगासारख्या अंगाचे’ अशी करण्याची पंडितांची पद्धत आहे, आणि आल्याचा गड्डा पाहिला की ती पटतेही. पण भाषाशास्त्रज्ञ म्हणतात की हे मागाहून सुचलेले स्पष्टीकरण आहे. मूळ शब्द द्राविडी, ‘इंजी’ आणि ‘वेर’ म्हणजे मूळ, त्याचे पालीत ‘सिंगिवेर’ झाले आणि संस्कृताने त्याला शिंगे लावली. तिथून ग्रीक ‘झिंगिबेरिस’, लॅटिन ‘झिंगिबेर’, अरबी ‘झंजबील’, इंग्रजी ‘जिंजर’. ॲलन रॉस यांनी १९५२ मध्ये एवढ्या एका शब्दाच्या प्रवासावर अख्खे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे ओर्ताला मलबारात ऐकू आलेला ‘इंजी’ आणि त्याच्या मायबोलीतला ‘जेंजिव्ह्रे’ हे एकाच शब्दाचे दोन टोकांचे रहिवासी होते.

पश्चिमेकडे गेली ती मुख्यतः सुंठ, कारण आले वाटेत कुजते. रोममध्ये पहिल्या शतकात प्लिनीने तिचा भाव नोंदवला आहे : रत्तलाला सहा दिनार. काळी मिरी चार, पांढरी मिरी सात, पिंपळी पंधरा. आपल्या त्रिकटूचे, म्हणजे सुंठ-मिरी-पिंपळीचे, तिन्ही घटक तिथे एकाच दुकानात होते असे म्हणायला हवे. सुंठ म्हणजे मिरीच्या झाडाचे मूळ अशी काहींची समजूत होती, ती प्लिनी खोडतो, आणि मग ती अरबस्तानात पिकते असे स्वतःच सांगतो! माल अरब व्यापाऱ्यांच्या हातून येई, गिऱ्हाइकाला उगम कळू देणे त्यांच्या फायद्याचे नव्हते. तेराशे वर्षांनी मात्र इटालियन व्यापारी मालाच्या जाती ओळखू लागले होते. चौदाव्या शतकातल्या पेगोलोत्तीच्या व्यापारी टिपणांत ‘बेलेदी’, ‘कोलोंबिनो’ आणि ‘मिक्किनो’ असे तीन प्रकार आहेत. ‘बेलेदी’ म्हणजे अरबी ‘बलदी’, देशी. ‘मिक्किनो’ मक्केवरून येणारा. आणि ‘कोलोंबिनो’ म्हणजे कोल्लमचा. फ्लॉरेन्सच्या वखारीत बसलेल्या कारकुनाला केरळच्या एका बंदराचे नाव पाठ होते.

ओले आलेही समुद्रावर गेले, पण विकायला नव्हे. त्याच शतकात हिंडलेल्या इब्न बतूताने मलबारच्या किनाऱ्यावर पाहिलेल्या चिनी जहाजांचे वर्णन केले आहे. ती इतकी मोठी की त्यांवरचे खलाशी लाकडी कुंड्यांत भाजीपाला लावत, आणि त्यात आलेही असे. ते त्यांनी चवीसाठी लावले की आणखी कशासाठी, हे तो सांगत नाही. पण पुढची गोष्ट वाचताना त्या कुंड्या मला आठवतात.

१९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात माउरी आणि क्लेसन या दोघांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. गाडी लागण्याचा त्रास असलेले छत्तीस विद्यार्थी घेतले. काहींना सुंठीची पूड, सुमारे एक ग्रॅम; काहींना त्या काळी प्रचलित असलेली गोळी; काहींना औषध म्हणून नुसताच पाला. मग एकेकाला फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरवले. सुंठ घेतलेले सर्वांत जास्त वेळ टिकले. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या नौदलातल्या ऐंशी नवख्या छात्रांवर हाच प्रयोग खुल्या समुद्रात झाला. एक ग्रॅम सुंठ घेतलेल्यांना उलट्या आणि घाम कमी आले. मळमळ आणि गरगरणे यांत मात्र फारसा फरक पडला नाही. नंतरच्या काही प्रयोगांत सुंठीचा गुण दिसलाच नाही, हेही सांगायला हवे. २००१ मध्ये थायलंडमध्ये गरोदरपणातल्या मळमळीवर सत्तर स्त्रियांचा प्रयोग झाला, रोज एक ग्रॅम, चार दिवस, आणि गुण आला. पुढे असे प्रयोग बरेच झाले. सगळे एकमताचे नाहीत, पण आल्याच्या औषधी गुणांपैकी त्यातल्या त्यात भक्कम पुरावा कशाचा आहे म्हणाल तर याचा.

आता पुन्हा भावप्रकाश उघडावा. सुंठ कशाकशावर, याच्या यादीत वमी म्हणजे उलटी आहे, श्वास आहे, शूल आहे, आणि कास म्हणजे खोकलाही आहे. एकाच ओळीतल्या या नोंदी. त्यांतली उलटीची नोंद प्रयोगात बऱ्यापैकी टिकली. खोकल्याच्या नोंदीला तसा आधार अजून मिळालेला नाही. सुंठ-मधाने घशाला ऊब वाटते, बरे वाटते, हे कोणी नाकारत नाही. पण साधा खोकला दोन-तीन आठवड्यांत आपला आपण जातो, आणि म्हणीने नेमक्या खोकल्यालाच हाताशी धरले आहे. ‘सुंठीवाचून वांती थांबली’ अशी म्हण मराठीत नाही, हा योगायोग असेलही. मला तो योगायोग म्हणून सोडून द्यायला जड जाते.

घरगुती औषध घरातून बाहेर पडले की त्याचे काय होऊ शकते याचे सर्वांत भयंकर उदाहरणही आल्याचेच आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांच्या काळात बेणे अटलांटिकपार गेले, कॅरिबियन बेटांत पीक रुजले, आणि जमैकाचे आले नावाजले गेले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘जमैका जिंजर’ नावाचा अर्क पोटदुखीवर, अजीर्णावर घरोघर ठेवलेला असे. छोटी बाटली, त्यात सत्तर-ऐंशी टक्के मद्यार्क. १९२० मध्ये दारूबंदी आली आणि बाटलीचे गिऱ्हाईक बदलले. गरीब माणूस औषध म्हणून तिला विकत घेऊन दारू म्हणून पिऊ लागला. सरकारने अट घातली की अर्कात आल्याचा अंश इतका दाट असावा की तो पिववणार नाही. बोस्टनच्या दोन व्यापाऱ्यांनी आल्याचा अंश कमी करून वजन भरून काढायला दुसरे काहीतरी शोधले. चव नसलेले, स्वस्त, आणि तपासणीत पकडले न जाणारे असे एक औद्योगिक रसायन त्यांना सापडले. ते मज्जातंतूंवर काम करणारे विष होते. १९३० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ओक्लाहोमा आणि दक्षिणेकडच्या राज्यांत पायांतली शक्ती गेलेली माणसे दवाखान्यांत येऊ लागली. पाऊल उचलताना बोटे खाली लोंबत, ते आपटत चालावे लागे. अशांची संख्या हजारोंच्या घरात गेली. बळी पडलेले बहुतेक मजूर, त्यांत कृष्णवर्णीय पुष्कळ. त्या चालीवर तिथल्या लोकांनी गाणी रचली. व्यापाऱ्यांना झाला तो दंड आणि स्थगित शिक्षा.

यात आल्याचा काही दोष नव्हता, किंबहुना बाटलीत आले कमी होते हीच तक्रार. पण ज्या विश्वासावर ती बाटली खपली तो विश्वास आल्याने कमावलेला होता. स्वयंपाकघरात कंद डोळ्यांसमोर असतो, उगाळणारा हात ओळखीचा असतो, आणि मात्रा सहाणेवरच्या वेढ्यांत मोजली जाते. बाळगुटीतली सुंठ एक-दोन वेढे, त्याहून जास्त नाही, हे माझी आजी बोट दाखवून सांगत असे. (तान्ह्या बाळाला सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, हे आजचे डॉक्टरांचे सांगणे आहे आणि ते मानायला हवे. मी इथे वेढ्यांविषयी बोलतो आहे, गुटीची वकिली करत नाही.) मोजण्याची ही पद्धत ओबडधोबड होती, पण तिला वरची मर्यादा होती.

३१ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी काही उपाय जाहीर केले. त्यात काढा होता : तुळस, दालचिनी, काळी मिरी, शुंठी आणि मनुका, दिवसातून एकदा किंवा दोनदा. हा करोनावरचा उपचार असल्याचा दावा नाही, असेही त्यातच लिहिले होते. पत्रक घरोघरी पोचेपर्यंत त्याचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. शुंठीच्या जागी आले आले, कारण ते हाताशी होते. मनुका गळल्या. एकदा-दोनदाचे चारदा झाले. शेवटची ओळ तर कोणत्याच फिरत्या संदेशात नव्हती. एप्रिल-मेच्या उन्हात, म्हणजे भावमिश्राने आल्याला नको म्हटलेल्या दोन ऋतूंपैकी पहिल्यात, माणसे पेलेच्या पेले पीत होती. माझ्या एका नात्यातल्या गृहस्थांना रक्त पातळ करण्याची गोळी चालू होती. अशांनी आले-सुंठ जास्त घेऊ नये असे डॉक्टर सांगतात. ते त्यांना फोनवर पटवण्यात माझे तीन दिवस गेले. पटले ते माझ्या सांगण्याने नव्हे, तोंड आले तेव्हा.

पत्रकानंतर दोनच दिवसांनी, २ एप्रिलला, रामनवमी होती. रामनवमीचा प्रसाद सुंठवडा : सुंठीची पूड, सुके खोबरे, खसखस, खारीक, पिठीसाखर. दुपारी बाराला कीर्तनात जन्म होतो, पाळणा म्हटला जातो आणि हातावर सुंठवडा येतो. गोकुळाष्टमीलाही तोच. इतर सणांना इतर पक्वान्ने असताना या दोन जन्मांनाच सुंठ का, हे मी बरेच दिवस शोधत होतो. आयुर्वेदात सूतिकेसाठी ‘सौभाग्यशुंठी पाक’ सांगितला आहे, आणि सुंठ, खोबरे, खारीक, खसखस ही आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खाण्यातलीच सामग्री. म्हणजे सुंठवडा मुळात रामासाठी नाही. तो कौसल्येसाठी आहे. घरात मूल जन्मले की त्याच्या आईला जे देतात ते देवाच्या आईलाही दिले, आणि आलेल्या-गेलेल्याच्या हातावर त्यातलेच चिमूटभर ठेवले. हा माझा तर्क आहे. त्याला ग्रंथाधार मागितला तर बाळंतिणीच्या खोलीकडे बोट दाखवीन.

त्या वर्षी देवळे बंद होती. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडची सुंठ आदल्या दिवशीच काढ्यासाठी संपली होती. घरात बरणीच्या तळाशी एक कुडी मिळाली, ती खलबत्त्यात कुटून बायकोने वाटीभर सुंठवडा केला. बारा वाजता दूरदर्शनवर ‘रामायण’ नव्हे तर रेडिओवर जुने कीर्तन लावले. समोरच्या घरात वीस दिवसांची बाळंतीण होती. तिच्या दाराशी झाकलेली वाटी ठेवून घंटी वाजवली आणि जिन्यात चार पायऱ्या मागे सरून उभा राहिलो. दार तिच्या सासूने उघडले, वाटी उचलली, वास घेतला आणि विचारले, “सुंठच आहे ना? आले नाही ना घातलंत?”